जीएम फूडची प्रेझेंटेशन्स, आणि फायदे-तोट्यांच्या स्लाईडवरचा माझा राग

जेनेटिकली मॉडिफाइड (जीएम) फूड, म्हणजे ज्या पिकाचे जीन प्रयोगशाळेत बदललेत त्याचं अन्न, हा विषय ग्रुप प्रोजेक्टला दिला की पहिल्या स्लाईडवर काय येणार ते मला आधीच माहीत असतं. लालबुंद टोमॅटो आणि त्यात खुपसलेली सिरिंज. बॅच बदलते, मुलं बदलतात, टेम्पलेट बदलतं, टोमॅटो तोच. आता मी सरळ सांगूनच टाकते की फोटो लावायचा तर खुशाल लावा, पण मग त्या सिरिंजमध्ये काय आहे आणि ते कुठल्या पेशीत जाणार हे उभं राहून समजावून सांगायचं. बहुतेक ग्रुप गुपचूप फोटो काढून टाकतात, कारण शोधायला बसलं की कळतं की पिकलेल्या फळाला कोणी इंजेक्शन देत नसतं. अॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला एक जीवाणू आहे जो मुळातच झाडांच्या पेशींत स्वतःचा डीएनए घुसवतो, नवा जीन पेशीत घालायचं काम त्याच्याकडून करून घेतात, किंवा मग जीन गन वापरून सोन्याच्या नाहीतर टंगस्टनच्या बारीक कणांवर डीएनए चढवून ते पेशींवर मारतात, आणि ज्या पेशीत तो नीट बसला ती निवडून टिश्यू कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पोषक द्रव्यावर, वाढवून तिच्यापासून अख्खं रोप करतात. त्यानंतर चाचण्या, त्या वर्षानुवर्षं.

असो. मूळ तक्रार वेगळीच आहे. हा विषय बहुतेक ठिकाणी "जीएम फूड: फायदे आणि तोटे" असाच दिला जातो, आणि असा दिला की सगळे ग्रुप तेच घेऊन येतात. फायदे: उत्पादन वाढतं, कीड लागत नाही, पोषण वाढतं. तोटे: अॅलर्जी, पर्यावरण, कंपन्यांची मक्तेदारी. शेवटी निष्कर्ष, "योग्य काळजी घेतल्यास जीएम फूड वरदान ठरू शकते", टाळ्या, थँक यू. दुसऱ्या ग्रुपपर्यंत मागचे बाक मोबाईलवर गेलेले असतात आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नाही. कारण "जीएम फूड" अशी एकच एक वस्तू नाहीच. किडीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणारा मका, तणनाशक मारलं तरी न मरणारं सोयाबीन आणि व्हायरसपासून वाचवलेली पपई, या तिघांचे फायदे-तोटे एकाच स्लाईडवर कसे काय लिहिणार? कोणाचा फायदा, कोणाचा तोटा?

म्हणून मी एका ग्रुपला एकच पीक नाहीतर एकच प्रकरण देते. आणि विचारायचं काय तेही साधं ठेवते. जीन कुठला, आला कुठून, कशासाठी घातला, पैसे कोणी घातले, विकत कोणी घेतलं, नाही कोण म्हणालं आणि का. एवढंच. पहिल्यांदा ऐकलं की मुलं नाराज होतात, "मॅम एका पपईवर दहा मिनिटं काय बोलणार?"

पपईवर दहा मिनिटं पुरत नाहीत हो. हवाईत पपईचा मुख्य पट्टा म्हणजे पुना, तिथे १९९२ मध्ये रिंगस्पॉट व्हायरस पोचला आणि बागाच्या बागा बसायला लागल्या. पण या व्हायरसवर काम आधीपासूनच चालू होतं, कॉर्नेल आणि हवाई विद्यापीठातल्या लोकांचं, त्यात डेनिस गोन्साल्विस हे मूळचे हवाईचेच शास्त्रज्ञ. त्यांनी व्हायरसच्या कवचाचा जीन पपईतच घातला, त्यामुळे झाड तो व्हायरस वाढूच देत नाही. १९९८ मध्ये या पपईच्या रेनबो जातीचं बियाणं बागायतदारांना सुरुवातीला चक्क फुकट वाटलं. ज्या ग्रुपकडे हे होतं त्यांनी आधी "बड्या कंपन्यांचा डाव" अशी एक स्लाईड करून ठेवली होती, ती या प्रकरणात बसेचना, मग ती काढायची की ठेवायची यावर त्यांची आपापसात भांडणं. मला ती भांडणं फार आवडली, कारण वाचलं होतं म्हणून भांडत होते. आणि त्यातलीच एक मुलगी खोलात गेली तर तिला सापडलं की सगळंच काही गोड नव्हतं, जपानने ही पपई घ्यायला २०११ उजाडलं, तोवर तिथे माल पाठवणाऱ्यांना साधी पपई वेगळी सांभाळत बसावं लागलं, परागकण इकडचे तिकडे जाणार ही भीती होतीच. म्हणजे एकाच बेटावर एकाची बाग वाचली आणि शेजाऱ्याची डोकेदुखी वाढली. फायदे-तोट्यांच्या स्लाईडवर हे मावत नाही.

ब्राझील नटचं प्रकरण तर मी मुद्दाम दोन ग्रुपना देते, एकमेकांना न सांगता. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असतं, जनावरांच्या खाद्यात ते वाढावं म्हणून पायोनियर कंपनीने ब्राझील नटचा जीन सोयाबीनमध्ये घातला. मग ब्राझील नटची अॅलर्जी असलेल्या लोकांच्या रक्तद्रवावर तपासणी केली आणि उघड झालं की अॅलर्जी करणारं प्रथिन नेमकं तेच होतं जे त्यांनी उचललं होतं! १९९६ मध्ये हा शोधनिबंध छापून आला, सोयाबीन बाजारात गेलंच नाही. आता गंमत बघा, एक ग्रुप हे तोट्यांत टाकतो की बघा अॅलर्जी एका पिकातून दुसऱ्यात गेली, आणि दुसरा ग्रुप फायद्यांत टाकतो की बघा चाचणीत पकडलं गेलं. दोघंही बरोबर. मग मी वर्गाला विचारते की ब्राझील नटची अॅलर्जी आधीपासून माहीत होती म्हणून तपासता आलं, जर जीन अशा कशातून घेतला असता जे माणूस खातच नाही, तर काय तपासलं असतं? तिथे वर्ग गप्प होतो आणि मग कोणीतरी हळूच म्हणतं, प्रथिनाची रचना ओळखीच्या अॅलर्जनशी ताडून बघायची, पोटातल्या आम्लात ते पचतं का बघायचं. आणि हे खरोखरच केलं जातं. मला वाटतं एवढ्या एका प्रश्नासाठी अख्खं प्रोजेक्ट वसूल आहे.

उंदरांचे फोटोही येतातच. गाठी आलेले, मोठे मोठे, पाहवत नाहीत असे. जीएम मका खाऊन उंदरांना गाठी येतात असं सांगणाऱ्या, फ्रान्सचे शास्त्रज्ञ सेरालिनी यांच्या २०१२ च्या शोधनिबंधातले ते. फोटो लावणाऱ्या ग्रुपला माझा प्रश्न ठरलेला, ज्या उंदरांना जीएम मका दिलाच नव्हता त्यांचे फोटो कुठायत? कारण वापरलेली उंदरांची जात अशी की म्हातारपणी तिला तशाही गाठी येतात, प्रयोग दोन वर्षं चाललेला आणि एकेका गटात उंदीर दहाच. २०१३ च्या शेवटी त्या जर्नलने पेपर मागे घेतला, पुढच्या वर्षी तो दुसऱ्या जर्नलमध्ये परत छापला गेला, आणि फोटो तर काय, ते थांबायचं नावच घेत नाहीत. एका मुलाने हे सगळं नीट शोधून त्याच फोटोवर आपलं प्रेझेंटेशन उभं केलं, म्हणजे जीएमवर बोललाच नाही फारसा, दहा उंदरांवरून किती बोलता येतं यावर बोलला. विषय सोडून बोलला म्हणून मार्क कापावे असं शेजारच्या मॅडमचं मत पडलं. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं प्रेझेंटेशन तेच.

तसंच २०१६ चा अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञान संस्थांचा रिपोर्ट. भला मोठा, सुमारे ९०० अभ्यास चाळून केलेला. बाजूने बोलणारे त्यातलं एक वाक्य उचलतात की बाजारातल्या जीएम पिकांपासून तब्येतीला साध्या पिकांपेक्षा जास्त धोका असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. विरोधातले त्याच रिपोर्टमधलं दुसरं उचलतात, की जीएम पिकं आली म्हणून अमेरिकेतल्या उत्पादनवाढीचा वेग बदलला असं आकड्यांत दिसत नाही आणि तणनाशकाला न जुमानणारी तणं ही शेतीची मोठी डोकेदुखी झालीये. आता दोन्ही वाक्यं एकाच रिपोर्टमध्ये आहेत म्हटल्यावर मुलं विचारतात, मॅम मग रिपोर्ट कोणाच्या बाजूने आहे? अरे बाबांनो, रिपोर्टला बाजू कशाला हवी? खाण्याचा प्रश्न वेगळा, शेताचा वेगळा, पेटंटचा तर अजूनच वेगळा. माझं स्वतःचं म्हणाल तर खायला मला भीती वाटत नाही, बियाण्यावरच्या पेटंटची मात्र वाटते, आणि हे मी वर्गात सांगतेसुद्धा, लपवून काय करायचंय.

पेटंटवरून आठवलं, कॅनडाचे शेतकरी पर्सी श्माइझर. "वाऱ्याने बी उडून आलं आणि कंपनीने गरीब शेतकऱ्याला कोर्टात खेचलं" एवढीच गोष्ट सांगितली जाते. कोर्टात पुढे आलेलं असं की त्यांनी कडेच्या झाडांवर राउंडअप हे तणनाशक मारून जी जगली, म्हणजे ज्यांच्यात कंपनीचा जीन होता, त्यांचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं. २००४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा त्या कंपनीच्या, मोन्सँटोच्या, बाजूने निकाल दिला, पण त्याच निकालात असंही म्हटलं की यातून त्यांना जास्तीचा नफा काही झाला नाही तेव्हा पैसे द्यायची गरज नाही. अर्धी गोष्ट सांगणारे दोन्हीकडे आहेत.

सोनेरी तांदळाचं थोडक्यात सांगते कारण त्यावर सगळ्यात जास्त टाइप केलं जातं. दर वेळी "लाखो मुलांची दृष्टी वाचवली" असं भूतकाळात लिहिलेलं असतं. हा तांदूळ करणाऱ्या पोट्रिकस आणि बेयर यांचा शोधनिबंध २००० चा, पहिल्या तांदळात बीटा कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीरात व्हिटॅमिन ए बनतं ते, अगदीच कमी, २००५ मध्ये डॅफोडिलच्या जीनऐवजी मक्याचा जीन घातल्यावर ते २३ पटीपर्यंत गेलं, फिलिपिन्सने लागवडीला परवानगी दिली ती २०२१ मध्ये, आणि २०२४ मध्ये तिथल्याच कोर्टाने ती थांबवली. ग्रुपने २०२१ ची बातमी वाचून "मंजूर" लिहिलं आणि तिथेच थांबले, म्हणून आता नियम केलाय, प्रत्येक वाक्याला वर्ष हवं आणि त्याच्यापुढच्या वर्षी काय झालं तेही बघायचं.

आता ग्रुपचं. पाच जणांच्या ग्रुपमध्ये एक जण वाचतो, एक पीपीटी करतो, एकाचा आवाज चांगला म्हणून तो बोलतो आणि उरलेले दोघं शुभेच्छा देतात, हे काही कोणाला नवीन नाही. यावर माझा एकच उपाय आहे, कुठली स्लाईड कोण बोलणार ते चिठ्ठी टाकून आयत्या वेळी ठरतं. सुरुवातीला फार ओरडा झाला, काही पालकांपर्यंत गेलं, पण त्यामुळे निदान आदल्या रात्री तरी सगळे सगळं वाचतात. आणि प्रश्नाचं उत्तर ती स्लाईड न बोललेल्याने द्यायचं. एआयला विचारून आणलेलं पण इथेच उघडं पडतं, मुद्दे सुरेख, भाषा गुळगुळीत, पण "हा अभ्यास कुठे झाला" विचारलं की पाचही जण एकमेकांकडे बघतात. एकदा रेफरन्समधला पेपर वर्गातच सर्च केला तर तो अस्तित्वातच नव्हता, लेखकाच्या नावासकट.

सगळ्यात रंगतो तो लेबलचा विषय, त्यासाठी मी वेळ राखूनच ठेवते. सोयाबीनचं रिफाइंड तेल घ्या, त्यात डीएनए आणि प्रथिन जवळजवळ उरतच नाही, मग जीएम सोयाबीनचं तेल आणि साधं तेल ओळखायचं कसं, आणि ओळखताच येत नसेल तर लेबल कशाचं लावायचं? युरोपात पीक जीएम असेल तर तेलावरही लिहावं लागतं, चुकून मिसळलं तर ०.९ टक्क्यापर्यंत चालतं. अमेरिकेत २०२२ पासून सक्तीचा झालेला जो नियम होता त्यात जीन सापडतच नसेल तर सूट ठेवली होती. वर्ग लगेच दोन भागांत फुटतो, "जे बाटलीत आहे तेच लिहा" आणि "ते कसं बनलं हे कळायचा हक्क आहे". आणि मग लेबल लागलं की लोक घेत नाहीत असं कोणीतरी ठासून म्हणतं, तेव्हा मी ब्रिटनमधल्या टोमॅटो प्युरीची गोष्ट काढते. १९९६ मध्ये दोन मोठ्या सुपरमार्केट साखळ्यांत झेनेका कंपनीच्या जीएम टोमॅटोची प्युरी आली, डब्यावर स्पष्ट लिहिलेलं, साध्या प्युरीपेक्षा स्वस्त, आणि लोकांनी घेतली की भरपूर. १९९९ पर्यंत मात्र ती शेल्फवरून गायब, कारण मधल्या काळात जीएमवरून पेपरांत आणि टीव्हीवर असा काही गदारोळ उठला की दुकानदारांनीच हात वर केले. डब्यावरची अक्षरं तीच होती, प्युरी तीच होती.

यंदा एक ग्रुप जपानचा २०२१ पासून विक्रीला आलेला टोमॅटो घेतोय, गाबा हे अमिनो आम्ल जास्त असलेला, क्रिस्पर या जीन कापायच्या तंत्राने त्याचाच जीन थोडा कापून केलेला, बाहेरचा जीन काही उरलेला नाही. त्यांचा पहिलाच प्रश्न, "मॅम, हा जीएममध्ये धरायचा का?" मी म्हटलं, जपान, युरोप आणि अमेरिका तिघांनी काय ठरवलंय ते आधी शोधून आणा, उत्तर एकच आलं तर मला सांगा. आणि हो, रेफरन्सच्या स्लाईडवर नुसतं "गुगल" लिहिलेलं या वर्षीही चालणार नाही, पूर्ण दोन मार्क जातील.