गुडघ्याची गादी मोजताना

कबड्डीत चढाई करून मागे वळलो आणि गुडघ्यात ‘कट्’ वाजलं. एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं धरून ठेवणारं एक लिगामेंट, तुटलं होतं. शस्त्रक्रिया झाली, फिजिओ झाली. पण डॉक्टर म्हणाले होते, ‘‘लिगामेंट नवं बसवता येतं, कूर्चा तितक्या सहज नाही. तिच्यावर लक्ष ठेवू.’’ कूर्चा म्हणजे आपण जिला गादी म्हणतो ती. तिच्यात ना रक्तवाहिन्या, ना नसा, त्यामुळे झिजायला लागली तरी सुरुवातीला कळतही नाही. एक्स-रेत ती दिसत नाही, दिसते फक्त हाडांमधली फट. म्हणून एमआरआय.

पहिला शस्त्रक्रियेआधी झाला होता. वर्षाने दुसरा मी घराजवळच्या सेंटरवर काढला. पैसे वाचवले, दुसरं काय! जाडी कमी दाखवल्यावर दोन रात्री झोप नाही.

रेडिओलॉजिस्ट मॅडमनी दोन्ही पाहिले. ‘‘यांची वजाबाकी करूच नका. मशिन वेगळं, काप वेगळे.’’ कूर्चा मुळात 2 ते 4 मिलिमीटर, आणि नेहमीच्या एमआरआयचा एकेक काप, म्हणजे चित्रात दिसणारा गुडघ्याचा एक थर, 3 मिलिमीटरच्या आसपास. वर्षभराचा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतला. तो पकडायचा तर बारीक काप हवेत, आणि दर वेळी मशिन, कॉइल (गुडघ्याभोवती बसवतात तो सिग्नल पकडणारा भाग), सेटिंग तेच.

त्यामुळे तिसरा पहिल्याच मशिनवर, तिथल्या जुन्या बारीक कापांशी ताडून बघायला. मी नेहमीप्रमाणे जिन्याने तीन मजले चढून गेलो, तर मॅडमनी अर्धा तास आडवं पाडलं. वजन पडलं की कूर्चेतलं पाणी पिळलं जातं, ती दबते. संध्याकाळी सकाळपेक्षा पातळ भरते म्हणे. मग एकेका कापावर कूर्चेची कड माउसने आखायची. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची कूर्चा जिथे टेकते तिथे रेघ कुठे मारायची, यावर त्या बराच वेळ थांबायच्या. आधीचं चित्र कोणतं, नंतरचं कोणतं, हेही झाकून ठेवलेलं. नाहीतर हात आपोआप झीज शोधतो.

निकाल निघाला: मांडीच्या हाडावर आतल्या बाजूला जाडी किंचित वाढलेली, वाटीमागच्या खोबणीत कमी. वाढ ऐकून मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. ‘‘मार लागलेली कूर्चा पाणी धरून फुगतेही. पुढच्या वर्षी बघू.’’

पुढच्या तारखेच्या चिठ्ठीवर त्यांनी खाली लिहिलंय: सकाळी 9, लिफ्टने.