कामाची सोबत

नोकरी सोडून घरूनच भाषांतराची कामे करू लागले, त्याला यंदाच्या गुढीपाडव्याला सात वर्षे झाली. जळगावातल्या आमच्या घराची गच्चीलगतची खोली हे माझे कार्यालय. खाली सासूबाई, यजमान, दोन मुले आणि सततची पाहुण्यांची ये-जा असते. असे असूनही तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी कुरिअर घेऊन आलेल्या मुलाला मी काही ना काही विचारत दारात थांबवून घेतले आणि तो गेल्यावर मला रडू कोसळले. त्या दिवशी माझ्या कामाशी संबंध असलेले जे काही बोलणे झाले, ते त्याच्याशीच, आणि तेही पाकिटावर सही करण्यापुरते.

“भरल्या घरात एकटेपण कसले?” असे घरच्यांनी विचारले. त्यात माया होती, परंतु मीही स्वतःला हाच प्रश्न विचारून अपराधी वाटून घेत होते. रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलेला भेद पुढे वाचनात आला, तेव्हा मनावरचे ओझे बरेच उतरले. त्यांच्या मते एक एकटेपण जिवाभावाचे माणूस नसल्यामुळे येते आणि दुसरे, आपल्यासारख्यांच्या गोतावळ्यात आपल्याला जागा नसल्यामुळे. आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. म्हणजे घरच्यांच्या प्रेमात काहीही कमी नव्हते. मला हवी होती ती कामाची सोबत.

नोकरीत असताना शब्द अडला की मान वर करून समोरच्या टेबलाला विचारता येत असे. आता एकाच वाक्यापाशी अर्धा दिवस जातो आणि ते वाक्य साधल्याचा आनंदही कोणाला सांगता येत नाही. एका संस्थेने माझे मानधन आठ महिने अडवून ठेवले होते. त्या काळात पैशांची ओढाताण झालीच, पण त्याहून जास्त जाणवले ते हे, की “माझ्याही बाबतीत असेच झाले होते” असे म्हणणारे कोणी जवळ नव्हते.

यावरचा मार्ग मला आमच्या गच्चीनेच दाखवला. आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवायचे पापड, घालतात. सासूबाई पहाटेच मोठ्या पातेल्यात तीळ, लसूण आणि तिखट घातलेले पीठ शिजवायला ठेवतात, ते खाली लागू नये म्हणून दोघी आळीपाळीने ढवळतात आणि खाटेवर पसरलेल्या ओल्या धोतरावर बाकीच्या पाण्याचा हात लावून बिबडे थापतात. आज आमच्याकडे, उद्या समोरच्या काकूंकडे. बिबडे ज्याच्या त्याच्या घरचे, पण हात सगळ्यांचे, आणि ऊन चढण्याआधी गच्चीभर पांढरे-तांबूस गोल वाळत पडलेले. एकटीने हे काम करायचे आमच्या गल्लीत कोणाच्या मनातही येत नाही. एके दिवशी खोलीच्या खिडकीतून हे पाहताना, माझे काम मात्र एकटीनेच करायचे असते असे मी का धरून चालले आहे, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला.

आमच्याच कॉलनीत घरून जीएसटीची विवरणपत्रे भरणारी एक ताई राहते आणि घरांचे नकाशे काढून देणारा एक तरुणही. त्यांना विचारायला मला तीन आठवडे लागले, कारण सोबत मागणे म्हणजे दुबळेपणा, असे कुठेतरी मनात बसले होते. गेली तीन वर्षे मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते एक आम्ही तिघे माझ्या खोलीतल्या लांब टेबलाशी बसतो. काम ज्याचे त्याचे. बोलणे फारसे होत नाही, पण ताईने विवरणपत्र भरून झाल्यावर सोडलेला सुस्कारासुद्धा मला पुढच्या परिच्छेदाकडे नेतो. व्हॉट्सअॅपचे गट मी आधी करून पाहिले होते. शेजारी बसलेल्या माणसाची जागा त्यांनी घेतली नाही.

उरलेल्या दिवशी सकाळी मी मेहरूण तलावावर फिरायला जाते. तिथल्या बहुतेकांची नावेही मला ठाऊक नाहीत, पण चार दिवस दिसले नाही तर ती माणसे चौकशी करतात. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१४ मधील संशोधनात असे दिसले, की केवळ तोंडओळखीच्या माणसांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणे होते त्या दिवशी माणसाला अधिक आनंदी वाटते. मला ते तंतोतंत पटते.

तरीही मोठे काम संपले की पोकळी येतेच. गेल्या शुक्रवारी तीनशे वीस पानांचे भाषांतर पाठवले आणि हात तसेच कळफलकावर राहिले. ताईने मान वर करून विचारले, “गेलं?” मी म्हटले, “गेलं.” तिने आपली फाइल मिटली आणि आम्ही दोघी खाली आलो. सासूबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच त्या तिला म्हणाल्या, “पाचलाच ये माय, ऊन वर आलं की काही होत नाही.”