टिटवी, फेरी ९: तापलं होतं पाणी की होडी?

टिटवी म्हणजे पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजत आपोआप चालणारी आमची छोटी होडी. रविवारी रत्नागिरीच्या भाट्याच्या खाडीत तिची नववी फेरी. अष्टमी, म्हणजे भांग, भरती-ओहोटीचा जोर कमी. तिथीची पाऊणपट केली की सहाला भरती आणि बाराला सुकती. पाण्याला ओढ नको म्हणून अकराला उतरलो. उधाणाला टिटवीची मोटर प्रवाहापुढे नांगी टाकते, हे फेरी ४ ला पाहिलंच होतं.

होडी आपोआप हाकणाऱ्या आर्डूपायलट या संगणकप्रणालीने ठरवलेली बाराही ठिकाणं बिनचूक घेतली. तारांमधल्या विजेने होणारा होकायंत्राचा गोंधळ मिटला: बॅटरीच्या दोन्ही तारांना एकमेकींचा पीळ दिला आणि होकायंत्र काठीवर चढवलं, बस्स.

तापमानाने मात्र छळलं. मागच्या होडीतून तात्या बादलीने पाणी काढत होते, मी काचेच्या तापमापकाने मोजत होतो. टिटवी सतत अंशभर जास्त दाखवी. डीएस१८बी२० या तिच्या तापमान-संवेदकात अर्ध्या अंशाची चूक कंपनीच मान्य करते, पण घरी बर्फाच्या पाण्यात हाच ०.१ दाखवत होता. तात्या म्हणाले, "बादली बरी आहे, तुझं यंत्र बघ."

रात्री नोंदी उघडल्या. होडी थांबली की आकडा चढतो, चालू लागली की उतरतो! संवेदक तळाला चिकटवलेला, आणि आत बरोब्बर त्याच्यावर चार बोटांवर मोटरचा वेग सांभाळणारा, चालताना तापणारा स्पीड कंट्रोलर. मी दीड महिना खाडीचं नाही, कंट्रोलरचं तापमान मोजत होतो.

बादलीही धुतल्या तांदळासारखी नाही म्हणा. जुन्या जहाजांवर कॅनव्हासच्या बादलीतलं पाणी वाऱ्यावर बाष्पीभवनाने गार व्हायचं, तर इंजिनासाठी ओढलेल्या पाण्याला इंजिनरूमची ऊब लागायची. दुसऱ्या महायुद्धात इंजिनाकडच्या नोंदी वाढल्या आणि समुद्र एकदम तापल्यासारखा दिसला. ती दुरुस्ती करताना हवामानवाल्यांचा घाम निघाला. आमची बादली प्लास्टिकची, तरी आता पाणी काढल्या काढल्या मोजतो.

संवेदक नाळेपुढे पीव्हीसीच्या नळीवर, वीतभर पाण्याखाली नेला. सोमवारी फरक ०.२.

क्षारतेचं अजून रडगाणंच. इलेक्ट्रोडवर आठवड्यात बुळबुळीत थर धरतो. समुद्रात खालीवर करत मोजमाप घेणारे आर्गो फ्लोट पृष्ठभागाजवळ येताना क्षारतेचा पंप बंद करतात, ते याच कारणाने. आपल्याला सारा जन्म पृष्ठभागावरच काढायचा, तेव्हा दर फेरीआधी मऊ ब्रश.

दहाव्या फेरीआधी सुकाणू वळवणाऱ्या छोट्या मोटरला, सर्व्होला, रबरी टोपी बसवायची आहे. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाहून हवाईला एकटी पोचलेली सीचार्जर ही सौरऊर्जेवरची बिनमाणसाची होडी पुढे न्यूझीलंडच्या वाटेवर सुकाणूपायीच अडली. आमची तर अजून खाडीच्या तोंडाबाहेरही गेलेली नाही.