हँडिंग-टेकिंग

मिरकरवाडा, रत्नागिरी. जून.

१ जूनला मासेमारी बंदी लागली, ती ३१ जुलैपर्यंत. बोटी वर ओढल्या की आम्हा इंजिनवाल्यांचा सीझन सुरू. प्रत्येक तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, आपलंच काम आधी हवं असतं. टेरिटोरियल आर्मीचा (टीएचा) कोल्हापूरचा कॅम्प संपवून आलो तो थेट यात पडलो.

दुपारी चहा पिताना एक तांडेल म्हणाला, "लढाई नाय, काय नाय, तर तुला बोलावतात कशाला?" दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मग सांगितलं: टेरिटोरियल आर्मीत पोटापाण्याची नोकरी किंवा धंदा असलेल्यालाच घेतात. वर्षाला दोनेक महिने ट्रेनिंग, तेवढ्या दिवसांचा पगार फौजीसारखा, एरवी आपण आणि आपलं गॅरेज. कायदा १९४८ चा, उद्घाटन राजाजींच्या हस्ते ९ ऑक्टोबर १९४९ ला. ६२, ६५, ७१, तिन्ही लढायांत टीएचे जवान कामाला होते. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग माझ्या इंजिनाचं हेड कधी बसवतोस?"

टीएमुळे सुटलेलं पोट कमी झालं, पहाटे आपोआप जाग येते, हे सगळे विचारतात म्हणून सांगतो. खरा फरक पडला तो संतरी ड्युटीने. गार्ड बदलताना हँडिंग-टेकिंग होतं, म्हणजे सामानाचा ताबा देणं-घेणं. रायफल, राउंड (काडतुसं), टॉर्च, किल्ल्या, रजिस्टर. आधीचा "सब ठीक" म्हणाला म्हणून सही ठोकायची नाही. राउंड स्वतः मोजायचे, किल्ली कुलपाला लावून बघायची, मग सही. तो कितीही जुना, कितीही दोस्त असला तरी. पहिल्यांदा मला हा अविश्वास वाटला होता. आता वाटतं, सही झाल्यावर तो माणूस बिनघोर झोपतो, ते याच मोजणीमुळे.

गॅरेजात माझं सगळं डोक्यात असायचं. कुठल्या बोटीचं टॅपेट किती गेजवर ठेवलं, कुठले बोल्ट कुठल्या डब्यात, कुणाची किती उधारी. आपल्यावाचून लोकांचं अडावं याची गोडीच होती म्हणा ना. पण दोन महिने जायचं तर काम कुणाच्या तरी हातात द्यावंच लागतं. म्हणून आता वही आहे. निघायच्या आदल्या दिवशी मी आणि माझा पोऱ्या एकेक इंजिनापाशी उभे राहतो, तो डबे उघडून बोल्ट मोजतो, मग सही करतो. नट-बोल्टचे पाने पुसून, तेलाचा हात देऊन ठेवलेत का तेही बघतो. इथल्या खाऱ्या हवेत रात्रभर उघडा राहिलेला पाना सकाळी तांबूस दिसतो.

यंदा परत आलो तेव्हा त्याने वही पुढे केली. एका इंजिनाच्या नोझलचं काम त्याने मी केलं असतं त्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने केलेलं. इंजिन चालू करून कान लावला. धूर नाही, खडखड नाही. जिभेवर आलेलं गिळलं आणि सही केली. चारचौघांत त्याला दोन शब्द सुनवायची माझी जुनी खोड, ती गिळायला मला कुठल्याही दौडीपेक्षा जास्त दम लागला.

काल जेवताना पोऱ्या विचारत होता, टीएची भरती कधी निघते. अठरा पुरी झालीत त्याला. दोघंही एकाच वेळी कॅम्पला गेलो तर वहीवर सही कोण करणार, याचा विचार त्याने अजून केलेला दिसत नाही.