ऑक्टोबरचा ताणा: रात्री तुटतो, सकाळी नाही

ताणा, म्हणजे मागावर ताणून चढवलेले उभे धागे, वाचला, हे आधी सांगते. मागच्या वेळी आपल्या सूतकताईच्या गटाला लिहिलं होतं की धागे सारखे तुटतात, म्हणून हा कापून काढते आणि दुहेरी (दोन धागे एकत्र पिळलेल्या) सुताचा नवा चढवते. कात्री खरंच हातात घेतली होती. आता त्याच ताण्यावर 2 मीटर 60 सेंटिमीटर कापड उतरलंय, आणि काल रात्रीच्या तासाभरात फक्त चार धागे तुटले. त्याआधी याच तासाला अकरा-बारा तुटत होते.

ताणा तोच, जुलैपासून कातत आलेला 20 नंबरचा (हा सुताच्या बारीकपणाचा आकडा) एकेरी. इंचाला 32 प्रमाणे 18 इंच, म्हणजे 576 धागे, लांबी 5 मीटर. जवळजवळ तीन गुंड्या (एक गुंडी हजार मीटरची) आणि दीडशे ग्रॅमला जरा कमी सूत. चार महिने पेटी चरख्यावर बसून काढलेलं सूत डोळ्यांदेखत तुटतं तेव्हा काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पहिला संशय पिळावर होता. धागा थोडा उलगडून ढिला सोडला आणि स्वतःभोवती किती गुंडाळतो ते पाहिलं. शिल्लक लड्यांतले वीस नमुने तपासले, पीळ ठीक निघाला. पेळूंवर, म्हणजे कातायच्या कापसाच्या वळ्यांवर, तर मी संशय घेणारच नव्हते. वर्ध्याहून आणलेले ते पेळू इतके समान पिंजलेले आहेत की चातीवर (चरख्याच्या टोकदार काडीवर) कातताना हात आपोआप लांब जातो. देशी कापूस आखूड धाग्याचा, त्याला पीळ जास्त लागतो, तेवढा मी देतेच.

दुसरा संशय फणीवर, म्हणजे ज्या दातांतून ताण्याचे धागे ओवतात आणि जिने ठोका मारतात तिच्यावर. ही फणी मी ऑनलाइन मागवली होती. फोटोत चकचकीत, हातात घेतली तर काही दातांच्या कडा नखाला लागतात. पैसे परत मागितले, उत्तर आलं नाही. माझं मत आता पक्कं आहे: फणी बोट फिरवून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही. मुलुंडच्या काकूंनी त्यांची 32 ची फणी दिली. 576 धागे एकेक करून काढले, पुन्हा भरले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मोठ्या आशेने विणायला बसले, पहिल्या पाच मिनिटांत दोन धागे गेले. त्या रात्री मी जेवले नाही.

मग वही काढली. प्रत्येक तुटलेल्या धाग्याची नोंद: वेळ, डावीकडून कितवा इंच, तुटला कुठे, फणीपाशी की हेडलपाशी (धागे वर-खाली करणाऱ्या भागापाशी). मी दोनदा बसते, सकाळी सहा ते सात आणि ऑफिसहून आल्यावर, जेवणं उरकून, रात्री नऊ ते दहा. चार दिवसांत 53 धागे तुटले. सकाळचे 9, रात्रीचे 44. इंचांत काहीच मेळ नव्हता, सगळ्या पन्हाभर विखुरलेले. मेळ होता तो फक्त घड्याळाशी.

वाटलं, दिवसभर दमून आलेला हात ठोका जोरात मारत असेल. म्हणून पाचव्या रात्री जाऊबाईंना बसवलं. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका. अर्ध्या तासात सात. त्या उठताना म्हणाल्या, "ताई, टेबल पुसत का नाही तुम्ही? किती पीठ पडलंय बघा."

पीठच होतं ते. माग ठेवलाय त्या टेबलावर काळं रेक्झीन आहे. फणीच्या बरोबर खाली, फणीच्या लांबीएवढी पांढरी रेघ. बोटाला लावली तर कोरडी, करकरीत. चिमूटभर वाटीत घेतली, गरम पाणी घातलं, आयोडीनचा थेंब टाकला. निळंजांभळं झालं. स्टार्च. माझी तांदळाची खळ, म्हणजे ताणा चढवण्याआधी सुताला दिलेली पेज, सुतावरून पापुद्र्यासारखी झडत होती आणि उघडा पडलेला एकेरी धागा फणीत घासून फुटत होता. टेबल पुसून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर विणलं, रेक्झीन काळंच्या काळं.

तेव्हा मान वर करून भिंतीकडे पाहिलं. माग ज्या टेबलावर आहे, त्याच्या बरोबर वर एसी आहे. समोर टॉवरचं काम चाललंय, धुळीमुळे खिडक्या बंद, आणि ऑक्टोबर हीटमध्ये आमच्याकडे रात्री आठला एसी लागतो. सगळी कोरडी हवा थेट ताण्यावर. सकाळी मी बसते तोवर एसी बंद होऊन दार गॅलरीकडे उघडलेलं असतं.

लोहार चाळीतून आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं, साडेतीनशे रुपये. अशा यंत्रावर तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. सोपी रीत आहे: बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, जेमतेम ओलं करायचं, पाणी वर तरंगता कामा नये. ते झाकण आणि यंत्र एका घट्ट डब्यात रात्रभर बंद ठेवायचं. आत 75 टक्के आर्द्रता होते. माझ्या यंत्राने 71 दाखवली, म्हणजे प्रत्येक आकड्यात चार मिळवायचे. तसे मिळवून: सकाळी सहाला 78, रात्री एसी लागून तास झाल्यावर 48.

कारण सरळ आहे. कापूस ओला झाला की जास्त मजबूत होतो, कोरडा झाला की त्याची ताकद उतरते. व्यापारात सुताचं वजन धरताना त्यात साडेआठ टक्के ओल गृहीत धरतात, ती 65 टक्के आर्द्रतेच्या हवेतली. 48 ला सूत भुकेलं राहतं. आणि नुसत्या स्टार्चची खळ तर कोरड्या हवेत काचेसारखी होते, वाकली की तडकते.

सासऱ्यांना, नानांना, आकडे दाखवले. ते 1982 च्या गिरणी संपापर्यंत साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात, होते. वही नीट वाचली आणि म्हणाले, "अगं, आमच्याकडे खिडकी उघडायची सोय नव्हती. वरून पाण्याचा फवारा, बनियन पिळून घ्यावं लागे. सुताला लागतं ते." कापसाच्या साचेखात्यात हवा 75 ते 85 टक्क्यांवर राखतात हे मी वाचलं होतं, पण घरात बसलेल्या माणसाच्या अंगावरून ते गेलेलं आहे हे लक्षात आलं नव्हतं. 1854 मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवला मुंबईतली पहिली गिरणी काढली, त्यानंतर गिरण्या या शहरात फोफावल्या त्यामागे बंदर आणि भांडवल होतंच, पण ही चिकट हवाही होती. आणि मी त्याच गिरणगावात बसून ती हवा यंत्राने बाहेर काढत होते.

काल एसी बंद, दार उघडं, मागाच्या मागच्या बाजूला दोरीवर ओला पंचा. आकडा 69. चार धागे. टेबलावर भुगा जवळजवळ नाही.

आता खळीबद्दल, कारण गटातल्या बऱ्याच जणांकडे हीच कृती आहे. लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम तांदळाचं पीठ, पारदर्शक होईपर्यंत शिजवायचं, पंच्यातून गाळायचं, चार थेंब खोबरेल. ही आपण जुलैच्या बैठकीत ठरवली, तेव्हा चिंता बुरशीची होती. ऑगस्टमधल्या माझ्या बुरशीने हिरव्या झालेल्या लड्या आठवत असतील. म्हणून तेल कमीत कमी ठेवलं. पावसाळ्यात ते बरोबरच होतं, 85 टक्क्यांच्या हवेत खळ आपणहून मऊ राहते. तीच कृती ऑक्टोबरात, एसीखाली, चालणार नव्हती. गिरण्यांत खळीत चरबी घालत ती खळ मऊ राहावी म्हणूनच. माझं म्हणणं असं की यापुढे वहीत खळीची कृती लिहिताना शेजारी त्या दिवशीची आर्द्रता लिहावी. कृती कितीही चांगली असली तरी त्या आकड्याशिवाय दुसऱ्याच्या घरात ती चालेलच असं नाही.

पुढच्या ताण्याला मी लिटरला 5 ग्रॅम ग्लिसरीन घालणार. ते हवेतली ओल ओढून धरतं, खळीत वापरतातही. औषधाच्या दुकानात मिळतं. पावसाळ्यात मात्र ते घालू नका, लड्या चिकटतील आणि बुरशीला आमंत्रण.

पण चढवलेल्या ताण्याचं काय? उरलेल्या दोन मीटरला पुन्हा खळ देता येणार नाही. आणि रोज रात्री एसी बंद ठेवणंही जमणार नाही, मुलाची सहामाही आहे आणि तो त्याच खोलीत अभ्यासाला बसतो. सकाळचा एकच तास विणायचं ठरवलं तर दिवाळीपर्यंत हे कापड उतरत नाही.

ढाक्याच्या मलमलीचं सूत कातणाऱ्या बायका पहाटे कातत, आणि हवा कोरडी असली तर पाण्याच्या पसरट भांड्यावर धागा धरत, असं 19 व्या शतकातल्या नोंदींत आहे. हे वाक्य लिहिता लिहिताच उठले आणि पितळी परात पाण्याने भरून ताण्याखाली ठेवून आले. एसी चालू. अर्ध्या तासाने आकडा 48 वरून 52. नुसती परात पुरत नाही, जेवढी ओल वर येते तेवढी एसी ओढून नेतो.

म्हणून आता वेगळा प्रयोग. खड्ड्यातल्या मागाला जमिनीची ओल मिळते कारण ताण्याखालची हवा फारशी हलत नाही. मलाही हवा अडवायला हवी. जुनी पॉलिएस्टरची साडी मागच्या रुळापासून हेडलपर्यंत तंबूसारखी टाकली, दोन्ही बाजूंनी टेबलाखाली सोडली, आत परात आणि परातीत एक टोक बुडवलेला पंचा. एसी चालूच. पाऊण तासात आतला आकडा 66. बाहेर, दोन फुटांवर, 49. मला इतका आनंद झाला की मुलाला अभ्यासातून उठवून दाखवलं.

त्यात 15 सेंटिमीटर विणले. दोन धागे तुटले, दोन्ही काठाचे. काठाचे धागे तंबूच्या कडेला येतात, तिथे वारा शिरतो. साडी आणखी हातभर आत दुमडायला हवी. दुहेरी सुताचा बेत त्यामुळे सोडला आहे. एकेरीचा जो मऊ खडबडीतपणा हाताला लागतो, त्यासाठीच तर हे सगळं चाललंय.

नानांकडून आणखी एक गोष्ट मिळाली, ती गाठ. मी आजवर साधी दुहेरी गाठ मारत होते, ती फणीत अडकून पुन्हा तुटायची. नानांनी तुटलेलं टोक आणि जोडधागा डाव्या अंगठ्याखाली एकमेकांवर आडवे धरले, एक फेरा नखाभोवती घेतला, टोक आत सरकवलं, ओढलं. गाठ मोहरीहून लहान. त्यांची बोटं थरथरतात, पण त्या क्षणी थरथरली नाहीत. तीन रात्री सरावाला घेतल्या, आता मला एका गाठीला आठ सेकंद लागतात. ती फणीतून अलगद पलीकडे जाते.

मंजिष्ठाच्या मुळांनी रंगवलेल्या काठाबद्दल विचारलं होतं कुणीतरी. रंग चांगला बसलाय, पाण्यात सुटत नाही. त्यावर सविस्तर नंतर.

रविवारी बैठकीला येताना उतरलेलं कापड आणते, दोन्ही तुकडे वेगळे ओळखू येतील असे, रात्रीचा गाठींनी भरलेला आणि सकाळचा. कुणाकडे आर्द्रतेचं यंत्र असेल तर तेही आणा, मिठाच्या डब्यात सगळी एकत्र ठेवून पाहू. आणि मुलुंडच्या काकूंना निरोप: फणी अजून पंधरा दिवस राहू द्या माझ्याकडे, ताणा उतरला की पुसून, खोबरेलाचा हात देऊन परत आणते.