सेमाडोहच्या सागवनात तीन दिवस

आमचे गाव दर्यापूर तालुक्याच्या खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, आणि नळाला येते ते मेळघाटच्या दक्षिण उतारावरून शहानूर धरणात उतरलेले पाणी. ज्या जंगलाचे पाणी आपण पितो, ते ऐन कोरड्या दिवसांत कसे तग धरते हे पाहण्यासाठी मार्चच्या अखेरीस आम्ही चौघे परतवाड्याहून घाट चढून मेळघाटातल्या सेमाडोहला गेलो.

देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी मेळघाट हा एक असून गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच्या गाभ्यात येते. येथले जंगल सदाहरित नाही, शुष्क पानगळीचे आहे. सागाबरोबर ऐन, धावडा, तिवस, मोहा आणि बांबू सर्वत्र दिसतात. मार्चमध्ये साग जवळजवळ उघडा झालेला असतो. पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचवण्याची ती झाडाची तजवीज आहे. ऐनाच्या खोडाला हात लावून पाहा: मगरीच्या पाठीसारखी जाड, चौकटी चौकटींनी भेगाळलेली ही साल वणव्याची झळ बऱ्याच अंशी आतपर्यंत पोहोचू देत नाही.

सिपना, खापरा, खंडू, गाडगा आणि डोलार या नद्या तापीला मिळतात, परंतु उन्हाळ्यात त्यांच्या पात्रांत दगडगोटे आणि मधूनमधून उरलेले डोह एवढेच राहते. गवे, सांबरे, अस्वले, सर्वांच्या पायवाटा या डोहांकडेच वळतात. त्यामुळे वाघाच्या मागे गाडी फिरवत राहण्यापेक्षा सिपनेकाठच्या कोलकासजवळ, गाईड सांगेल त्या जागी, डोहाच्या अंगाने दोन तास शांत थांबावे असे माझे स्पष्ट मत आहे. आम्हाला वाघ दिसला नाही, आणि त्याची खंतही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास आमच्या कोरकू आदिवासी गाईडने गाडी थांबवून सागाच्या निष्पर्ण फांदीकडे बोट दाखवले. चोचीत सरडा धरून रानपिंगळा, म्हणजे एक छोटे घुबड, बसला होता. डोके जवळजवळ ठिपक्यांविना, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, आणि शेपटी एकसारखी डावी-उजवीकडे हलवणे, यावरून तो नेहमीच्या ठिपकेदार पिंगळ्याहून ओळखता येतो. १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षे या पक्ष्याची खात्रीची नोंद नव्हती. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ सातपुड्यात पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. तो दिवसा शिकार करतो, म्हणून सकाळची फेरी चुकवू नये. तेवढ्यात मागच्या गाडीतील कोणीतरी मोबाईलवर त्याचा आवाज वाजवला आणि सरडा न खाताच तो उडून गेला. विणीच्या काळात असा खोटा आवाज ऐकून पक्षी घरटे सोडून प्रतिस्पर्ध्याच्या शोधात निघतो. कृपया हे कोणीही करू नये.

परत येताना पहाटे मोहाखाली टोपल्या घेऊन बसलेल्या बायका दिसल्या. पिवळसर, रसाळ फुले टपटप पडत होती. माणसे पोहोचण्यापूर्वी हरणे आणि अस्वले आपला वाटा खाऊन गेलेली असतात. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची रीत मात्र वणव्याचे एक मोठे कारण ठरते, आणि आधीच कोरड्या जमिनीवरचे पाणी मुरवणारे पालापाचोळ्याचे पांघरूण त्यात जाते.

जाणाऱ्यांनी निवास आणि सफारी यांचे आरक्षण आधीच ऑनलाईन करावे. पावसाळ्यात गाभाक्षेत्र बंद असते. पेट्रोल, रोख रक्कम आणि औषधे परतवाड्यातच घ्यावीत, कारण पुढे मोबाईलची रेंज मिळेलच असे नाही. घाटात वळणे फार आहेत, तेव्हा दिवसाउजेडी पोहोचावे. मार्चमध्येही पहाटे उघड्या जिप्सीत गारठा झोंबतो, अंगावर स्वेटर असू द्यावा. प्रत्येकी तीन लिटर पाणी सोबत ठेवावे, आणि रिकाम्या बाटल्या मोजून परत आणाव्यात.