तुम्ही विचारलंत म्हणून : सगळेच कसे मालक?

पुण्यात येऊन पंचवीसेक वर्षं झाली, तरी हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही. "रिक्षावाला मालक, पानवाला मालक, लिफ्टमध्ये भेटलेला माणूसही मालक. असं का म्हणता हो तुम्ही?"

सोलापूरचा आहे म्हणून. आमच्याकडे नाव माहीत नसलं की माणूस मालक होतो. जरा ओळख वाढली की अण्णा. शेजारीपाजारी तेलुगू आणि कानडी घरं, मग थोरल्याला दुसरं काय म्हणणार? कोल्हापूरकर 'भावा' म्हणून मोकळा होतो, जळगावचा 'भो', मुंबईकर 'बॉस' नाहीतर 'शेठ'. गोव्यात 'पात्रांव' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांचा, पण अर्थ बघा, मालकच!

पुण्यातल्या पहिल्याच आठवड्यात पेठेतल्या एका दुकानात म्हणालो, "मालक, अर्धा किलो शेंगदाणे द्या." गल्ल्यावरच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "मालक जेवायला गेलेत. चारनंतर या."

तरी शब्द सोडला नाही, कारण त्याच्याइतका सोयीचा दुसरा सापडला नाही. पंत, पाटील, शेटजी म्हणायचं तर समोरच्याची जात नाहीतर धंदा आधी ठाऊक हवा. काका म्हणायचं तर केस किती पिकलेत ते बघा. मालक म्हणताना यातलं काहीच लागत नाही.

पंचाईत होते ती बायकांशी बोलताना. 'मालकीणबाई' म्हणायची माझी छाती नाही, एक तर आमच्याकडे बायका नवऱ्यालाच 'आमचे मालक' म्हणत आल्यात. मग उरतं काय, तर ताई, काकू, मावशी, आजी. सगळी नाती, आणि प्रत्येकात वयाचा अंदाज बांधणं आलं. एकदा बसमध्ये एका बाईंना म्हणालो, "मावशी, जरा सरकता का?" त्या कडाडल्या, "मावशी? मी काय तुमच्याकडे भांडी घासते?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आईची बहीण, केवढं मायेचं नातं! पण शहरात दवाखान्यातली आया मावशी, ऑफिसात फरशी पुसणारी मावशी, वॉर्डबॉय आणि शिपाई मामा. सोसायटीतल्या बाई मात्र काकू. आजोळची नाती आपण कामाला लावली आणि काकू तेवढी सोफ्यावर बसवली. (रिक्षावाले काका याला अपवाद, हे कबूल.) त्या बाईंचा राग मला पटला नाही, पण त्यांनी शब्द बरोबर ओळखला होता. तेव्हापासून बायकांना मी नुसतं "अहो, जरा ऐकता का" म्हणतो.

आमच्या मुलीला असला काही घोळच नाही. तिच्या मैत्रिणीही 'भावा', वर्गातली पोरंही 'भावा'. परवा फोनच्या नादात मलाच म्हणाली, "भावा, चार्जर दे ना."

मी ओ दिली.